जांभ्यातलं लोखंड, पाट्याचा कोयता

शिवथरच्या खोऱ्यात रानाकडे निघालेल्या शेतकऱ्याच्या कमरेला मागच्या बाजूला आकडी असते आणि आकडीत कोयता. राबासाठी ऐनाच्या फांद्या उतरवायच्या, कुंपणाची काटेरी फांदी छाटायची, बांबू तासायचा, वाटेत आडवा आलेला वेल कापायचा, सगळं या एका हत्यारावर चालतं. हा कोयता महाड, बिरवाडी किंवा पोलादपूरच्या बाजारातून आलेला असतो, नाहीतर रस्त्याकडेला पाल ठोकून बसलेल्या घिसाड्याकडून. त्याचं लोखंड बहुधा मालमोटारीच्या मोडक्या स्प्रिंगचं. याच मुलखाच्या माथ्यावर, महाबळेश्वरच्या पठारावर, एके काळी दगडातून लोखंड गाळणारी माणसं पिढ्यानपिढ्या राहत होती. धावड म्हणत त्यांना. लोखंड गाळणारे मागे का पडले आणि घडवणारे कसे टिकले, याची ही हकिकत आहे.

शिवथर आज रायगड जिल्ह्यातल्या महाड तालुक्यात येतं. वरंधा घाटाच्या पायथ्याशी कसबे शिवथर, आंबे शिवथर, कुंभे शिवथर अशी गावं आहेत आणि समर्थ रामदासांच्या दासबोधाशी जोडली गेलेली शिवथरघळ इथेच आहे. सतराव्या शतकाच्या मध्यापर्यंत हे खोरं जावळीच्या मोऱ्यांच्या ताब्यात होतं. पूर्वेला सह्याद्रीची उभी भिंत, दक्षिणेकडे महाबळेश्वर आणि प्रतापगड, पश्चिमेला महाड आणि सावित्री नदी. भिंतीचा सगळा दगड काळा, म्हणजे बेसाल्ट. महाबळेश्वरच्या माथ्यावर मात्र त्यावर तांबड्या जांभ्याचा थर आहे. लाखो वर्षं पाऊस खात बेसाल्ट कुजला, त्यातली वाहून जाण्याजोगी द्रव्यं वाहून गेली आणि लोह व ॲल्युमिनियम मागे राहिलं, तो हा जांभा. सगळा जांभा गाळण्याच्या लायकीचा नसतो. पण त्यात मधूनमधून जड, काळपट खडे सापडतात आणि धावडांचा सगळा व्यवसाय त्या खड्यांवर उभा होता.

पुढची गोष्ट समजायला लोखंड आणि पोलाद यांतला फरक ध्यानात ठेवायला हवा. दोन्हींत धातू तोच, फरक कार्बनचा. कार्बन जवळजवळ नसलेलं लोखंड मऊ असतं. ते वाकतं, घणाखाली हवं तसं पसरतं, पण त्याला धार टिकत नाही. अर्धा ते एक टक्का कार्बन आला की तेच लोखंड लाल करून पाण्यात बुडवल्यावर कडक होतं आणि धार धरतं. कार्बन तीन-चार टक्क्यांवर गेला तर ते बीड होतं, ठोकायला गेलं की फुटतं. सुरी, कोयता, तलवार, छिन्नी यांची सगळी कला मधल्या त्या अरुंद पट्ट्यात आहे. प्राचीन कारागिरांना कार्बन ठाऊक नव्हता, पण हा पट्टा हाताला पक्का ठाऊक होता.

महाराष्ट्रात हे ज्ञान फार जुनं आहे. नागपूरजवळच्या नायकुंड इथे १९७०च्या दशकाच्या अखेरीस शां. भा. देव आणि अ. प्र. जामखेडकर यांच्या उत्खननात लोखंड गाळण्याची भट्टी सापडली. ती इसवी सनापूर्वी सातव्या शतकाच्या आसपासची मानली जाते. कोकणाच्या बाजूला असा पुरावा भट्टीच्या रूपात नाही, दगडाच्या रूपात आहे. महाडला लागूनच असलेल्या गांधारपाल्याच्या लेण्यांत तिसेक खोदकामं आहेत आणि ती काळ्या पाषाणात आहेत. मऊ लोखंडाची छिन्नी बेसाल्टवर दोन-चार घावांत बोथट होते. तिच्या टोकाला पोलाद लागतं आणि ते टोक वरचेवर तापवून, ठोकून, पुन्हा पाणी देऊन नवं करावं लागतं. लेणी खोदली जात होती तेव्हा पाथरवटांच्या जवळ लोहाराची भट्टी पेटलेली असणारच. पुढे रायगडावर बांधकाम झालं तेव्हाही हीच गरज होती. मराठीत या कामाला शेवटणे म्हणतात. पहार शेवटून आणायची, कुदळ शेवटून आणायची, हे वाक्य खेड्यात अजून कानावर येतं.

धावडांचं काम याच्या एक पायरी आधीचं. खडे वेचून आणायचे, भाजायचे, फोडून बारीक करायचे. मातीची भट्टी साधारण पुरुषभर उंचीहूनही कमीच असे. तिच्यात कोळशाचा थर, खड्यांचा थर, पुन्हा कोळसा असं भरत जायचं आणि खालच्या नळीतून कातड्याच्या भात्यांनी वारा घालायचा. वारा थांबला तर सगळं वाया जातं, म्हणून भाते आळीपाळीने तासन्‌तास चालवावे लागत. लोखंड वितळायला १५३८ अंश सेल्सियस उष्णता लागते. अशी भट्टी बाराशे अंशांच्या आसपास थांबते. म्हणजे लोखंड तिथे कधी वितळत नसे. खड्यातली माती आणि इतर द्रव्यं वितळून काळ्या काचेसारखी वाहून जात, ते कीट. कोळशाचा वायू खड्यातला ऑक्सिजन ओढून घेई आणि तळाशी धातूचा एक भोकाभोकांचा, कीट अडकलेला गोळा उरे. तो लालबुंद असतानाच बाहेर ओढून घणाखाली घालायचा. प्रत्येक घावासरशी कीट पिळून बाहेर उडे. हा गोळा पुन्हा तापवून पुन्हा ठोकून लांब कांबीसारखा केला की लोहाराच्या हाती देण्याजोगा माल तयार झाला. सळई बनवण्याची ही इथली सगळ्यात जुनी रीत. तिच्यात साचा नाही, रूळ नाही, फक्त घण.

या कामात खड्यांपेक्षा जास्त लागे तो कोळसा. एक किलो कामाचं लोखंड हाती येईपर्यंत दहा किलोच्या आसपास कोळसा सहज जळून जाई आणि एक किलो कोळसा पाडायला चार-पाच किलो लाकूड. म्हणजे एका कोयत्यामागे रानातलं एखादं बऱ्यापैकी झाड. जावळीचं रान दाट होतं आणि माणसं थोडी, तोवर हा हिशेब कुणाला डाचला नाही.

जानेवारी १६५६ मध्ये शिवाजी महाराजांनी जावळी घेतली. त्याच वर्षी रायरीचा डोंगरही हाती आला आणि मोरोपंत पिंगळ्यांच्या देखरेखीखाली प्रतापगड उभा राहू लागला. मोऱ्यांच्या मुलखाबरोबर महाड आणि सावित्रीचं खोरं, पार घाटाची वाट आणि माथ्यावरचं सगळं रान स्वराज्यात आलं. तीन वर्षांनी, १० नोव्हेंबर १६५९ रोजी, प्रतापगडाच्या पायथ्याशी अफजलखानाची भेट ठरली. तिथे निर्णायक ठरली ती छोटी हत्यारं, वाघनखं आणि बिचवा. लांब तलवार अंगावर लपत नाही. वितीएवढं पातं अंगरख्यात लपतं. बिचव्यासारखं नागमोडी, निमुळतं पातं घडवायला कोणतंही परदेशी पोलाद लागत नाही. चांगल्या गावठी लोखंडाला पोलादी धार बसवून ते इथला कुशल लोहार करू शकतो.

लांब तलवारीची गोष्ट वेगळी. मराठ्यांच्या धोपांमध्ये युरोपातून आलेली सरळ पाती मोठ्या संख्येने आढळतात. ती पोर्तुगीज आणि इतर व्यापाऱ्यांकडून किनाऱ्यावर उतरत आणि इथे त्यांना मराठी मूठ चढे. फिरंग हे नाव तिथूनच. साताऱ्याला रेसिडेंट असलेल्या ग्रँट डफने भवानी तलवारीबद्दल लिहिताना तिचं पातं जिनोआचं असल्याचं नोंदवलं आहे. गावठी भट्टीतून निघणारा गोळा लहान असतो आणि त्याचा पोत एकसारखा नसतो. एका टोकाला कार्बन जास्त, दुसऱ्या टोकाला कमी. लांब, पातळ आणि आघाताला न मोडणारं पातं घडवायला सबंध कांब एकजिनसी असावी लागते. युरोपातल्या शस्त्रांच्या गावांनी ही कांब मोठ्या प्रमाणावर बनवण्याची व्यवस्था लावली होती. इथल्या हातांत कसब कमी होतं असा याचा अर्थ काढणं चुकीचं ठरेल, कारण त्याच काळात दख्खनमध्ये जगातलं सर्वोत्तम पोलाद तयार होत होतं.

ते तयार होत होतं गोवळकोंड्याच्या मुलखात. आजच्या तेलंगणातल्या निजामाबाद जिल्ह्यात कोनासमुद्रम नावाचं गाव आहे. लॅम्बटन या इंग्रज अधिकाऱ्याच्या सर्वेक्षणाबरोबर फिरणारा डॉक्टर आणि भूगर्भतज्ज्ञ हेन्री व्हॉयसी १८२०च्या सुमारास तिथे गेला आणि त्याने पाहिलेली रीत पुढे छापून आली. दोन वेगळ्या गावांचं लोखंड ठरावीक प्रमाणात मातीच्या मुशीत घालायचं, मूस बंद करायची आणि भट्टीत दिवसभर धगीत ठेवायची. इथे लोखंड खरोखर वितळे. हळूहळू थंड झालेल्या मुशीतून मुठीएवढी पोलादाची वडी निघे, तिच्यात दीड टक्क्याच्या आसपास कार्बन असे. इराणचे व्यापारी या गावात मुक्काम ठोकून माल घेत, हेही व्हॉयसीने लिहून ठेवलं आहे. दमास्कसच्या म्हणून गाजलेल्या पात्यांचा कच्चा माल हाच. युरोपात त्याला वुट्झ म्हणू लागले.

या पोलादाची इंग्लंडशी ओळख करून देण्यात मुंबईचा हात आहे. ईस्ट इंडिया कंपनीचा मुंबईतला डॉक्टर हेलेनस स्कॉट याने १७९४ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीचा अध्यक्ष जोसेफ बँक्स याला वुट्झचे नमुने पाठवले. बरोबरच्या पत्रात त्याने या पोलादाचे उपयोग सांगितले. बंदुकीच्या चापात गारगोटी आपटते तो भाग, दगड कापायची हत्यारं, छिन्न्या, कानशी, करवती, जिथे पराकोटीचा कडकपणा हवा तिथे हे वापरतात. आणि एक इशाराही दिला. हे पोलाद अगदी मंद लाल धगीपलीकडची उष्णता सोसत नाही, म्हणून घडवणाऱ्याची परीक्षा पाहतं.

पुढच्याच वर्षी जॉर्ज पिअर्सन या रसायनतज्ज्ञाने त्या नमुन्यांवरचा निबंध रॉयल सोसायटीत वाचला. त्यात सुरीच्या घडणीचा एक नेमका तपशील आहे. जेम्स स्टोडार्ट हा लंडनमधला चाकू आणि शस्त्रक्रियेची हत्यारं बनवणारा कारागीर. बँक्सच्या सांगण्यावरून त्याने वुट्झच्या तुकड्यातून लेखणी तासायचा छोटा चाकू घडवला. धातू अंधारात जेमतेम लाल दिसेल एवढ्याच उष्णतेवर त्याने तो ठोकला, पाणी दिल्यावर ४५० अंश फॅरनहाइटपर्यंत पुन्हा तापवला, म्हणजे सुमारे २३२ अंश सेल्सियस. धार उत्तम पोलादी चाकूच्या तोडीस तोड निघाली. पुढे स्टोडार्टने आपल्या दुकानाच्या जाहिरातीतच या हिंदुस्थानी पोलादाचं नाव घातलं आणि मायकेल फॅरडेला बरोबर घेऊन त्याच्यावर प्रयोग केले. फॅरडे हा लोहाराचा मुलगा. वुट्झच्या पृथक्करणावरचा त्याचा निबंध १८१९ चा. मिश्रधातूंच्या पोलादाचा आधुनिक अभ्यास इथून सुरू होतो.

दुर्दैव असं, की दख्खनच्या पोलादाचं कौतुक लंडनमध्ये होत होतं त्याच वर्षांत त्याचा पाया उखडणारं यंत्रही इंग्लंडमध्ये तयार झालं होतं. हेन्री कॉर्टने १७८३ आणि १७८४ मध्ये दोन पेटंटं घेतली. एक खाचा असलेल्या रुळांचं, दुसरं दगडी कोळशाच्या धगीत बीड ढवळून त्यातला कार्बन काढून टाकण्याचं. लालबुंद गोळा रुळांच्या पहिल्या खाचेतून काढायचा, मग त्याहून लहान खाचेतून, मग आणखी लहान. प्रत्येक फेरीला तो बारीक आणि लांब होत जातो आणि शेवटी हव्या त्या मापाची सळई बाहेर येते. घणाखाली एक टन सळई निघायला जेवढा वेळ लागे, तेवढ्यात रुळांतून पंधरा टन निघू लागली, असा हिशेब तेव्हाचे लोक देत. पुन्हा लाकडी कोळशाची गरज नाही, म्हणजे रान संपण्याची भीती नाही. सळई बनवण्याच्या इतिहासातली ही सगळ्यात मोठी उडी, आणि आजची प्रत्येक रोलिंग मिल त्याच खाचांवर चालते.

हे लोखंड मुंबईला जहाजांतून उतरे. तिथून मचवे बाणकोटच्या खाडीत शिरत, सावित्रीने दासगावापर्यंत आणि भरती साधून थेट महाडपर्यंत येत. महाड ही तेव्हा घाटमाथ्याचा आणि समुद्राचा माल एकमेकांना भेटण्याची पेठ होती. वरंध्याची वाट वापरती होती आणि १८७०च्या दशकात पोलादपूरहून महाबळेश्वरला चढणारा आंबेनळी घाट गाडीरस्ता म्हणून तयार झाला. रस्त्याने कोकणातल्या माणसाची सोय झाली, पण त्याच रस्त्याने विलायती सळई धावडांच्या दारापर्यंत चढली. एकसारख्या जाडीची, कीट नसलेली, गावठी कांबीहून स्वस्त. लोहाराने ती घेतली यात त्याचा दोष नाही. ठोकून ठोकून कीट काढण्याचे त्याचे तास वाचत होते.

माथ्यावर दुसरा फास आवळला जात होता. १८२४ मध्ये लॉडविक नावाचा इंग्रज लष्करी अधिकारी महाबळेश्वरी चढला आणि १८२९ मध्ये गव्हर्नर जॉन माल्कमने साताऱ्याच्या प्रतापसिंह महाराजांशी करार करून ती जागा कंपनीसाठी मिळवली. बदल्यात वाई भागातलं खंडाळा दिलं. युरोपियनांचं आरोग्यस्थान म्हणून माल्कमपेठ वसली. सावली, झरे, गारवा हीच त्या जागेची किंमत, म्हणून कोळशासाठी झाडं तोडणं हा तिथे गुन्हा ठरत गेला. मुंबई इलाख्यात १८४७ पासून अलेक्झांडर गिब्सन जंगलांचा मुख्य अधिकारी होता. पुढे १८६५ आणि १८७८ चे जंगल कायदे आले आणि राखीव रानाच्या हद्दी आखल्या गेल्या. १८८५ साली छापलेल्या सातारा जिल्ह्याच्या गॅझेटियरमध्ये महाबळेश्वरच्या धावडांची नोंद आहे ती पिढीजात धंदा गमावलेल्या लोकांची. जळण मिळेना आणि विलायती लोखंडाच्या किमतीपुढे गावठी लोखंड टिकेना, ही दोन कारणं त्या वेळीच उघड होती.

या दोन कारणांतलं कोणतं मोठं? कोळसा फुकट मिळाला असता तरी रुळांतून निघणाऱ्या सळईपुढे मातीची भट्टी फार काळ तगली नसती. पण स्वस्त मालाने धंदा मंदावणं आणि हुकमाने भट्टी विझणं यांत फरक आहे. पहिल्यात कारागिराला वळण घ्यायला एक-दोन पिढ्या मिळतात. डोंगर बोडका केल्याचा ठपका धावडांवर आला, पण त्याच वर्षांत रेल्वेचे स्लीपर, मुंबईची घरं आणि मुंबईच्या चुली यांच्यासाठी कोकणातलं आणि घाटावरचं लाकूड गाडीगाडीने जात होतं. रान कुणाच्या कामासाठी तोडावं हे ठरवण्याचा हक्क बदलला आणि धावडांचा त्या हक्कात वाटा नव्हता. भट्ट्या विझल्यावर ते शेती-मजुरीकडे वळले. गाळण्याचं कसब दोन पिढ्यांत नाहीसं झालं.

खाली शिवथर-महाडच्या बाजूलाही रानाच्या हद्दींनी पेच टाकला होता. भाताचं रोप टाकण्याआधी फांद्या, पाला, शेण पसरून जमीन भाजायची, हा राब. राबाला फांद्या लागतात आणि त्या राखीव रानातून आणायला मनाई झाली. ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांत असंतोष एवढा वाढला की सरकारला १८८५ मध्ये जंगल कमिशन नेमावं लागलं. त्याच्या कामकाजात राबाची चर्चा पानोपानी आहे. त्या सगळ्या वादात शेतकऱ्याच्या हातातलं हत्यार एकच होतं, कोयता. रानात कोयता घेऊन दिसणं हीच रखवालदाराशी झटापटीची सुरुवात ठरे.

शस्त्रं बनवणाऱ्यांची कहाणी आणखी वेगळी. १८५७ नंतर नि:शस्त्रीकरण झालं आणि १८७८ च्या शस्त्र कायद्याने तलवार बाळगणं परवान्याखाली आलं. तलवारींना धार लावणारे शिकलगार कात्र्या, सुऱ्या, अडकित्ते यांच्याकडे वळले. गावचा लोहार मात्र जागेवरच राहिला, कारण त्याचं पोट तलवारीवर कधीच नव्हतं. नांगराचा फाळ, कुदळ, विळा, कोयता, गाडीच्या चाकाची धाव ही त्याची कामं आणि बलुत्याचं भात हा त्याचा मोबदला. विलायती सळई मऊ, तेव्हा तो तिचा दांडा करी आणि धारेच्या जागी पोलादाची पट्टी तापवून जोडी. पोलाद महाग, म्हणून फक्त तोंडाला. ही काटकसर म्हणजे मोठं शहाणपण होतं. पाठ मऊ राहिल्याने कोयता मोडत नसे, तोंड कडक असल्याने धार राहत असे.

१८५६ मध्ये बेसेमरने वितळलेल्या बिडातून हवा फुंकून काही मिनिटांत टनावारी पोलाद करण्याची रीत जाहीर केली आणि पोलादही लोखंडासारखं स्वस्त होण्याची वाट मोकळी झाली. हे इथे व्हावं म्हणून जमशेदजी टाटांनी पहिली नजर टाकली ती आपल्याच चांदा जिल्ह्यावर. लोहाऱ्याच्या खनिजाबद्दलचा श्वार्झ या जर्मन तज्ज्ञाचा १८८२ चा अहवाल त्यांनी वाचला होता. खनिज उत्तम होतं, पण वरोऱ्याच्या खाणीतला दगडी कोळसा भट्टीला उपयोगी पडेना. कारखाना शेवटी झारखंडात साकचीला झाला आणि १९१२ च्या फेब्रुवारीत तिथे पहिलं पोलाद निघालं. महाबळेश्वरला लाकडी कोळशापायी अडलं, वरोऱ्याला दगडी कोळशापायी. खनिजापेक्षा जळण महत्त्वाचं, हा अनुभव महाराष्ट्राला दोनदा आला.

विसाव्या शतकात मुंबई-गोवा रस्ता महाड आणि पोलादपूरवरून वाहता झाला आणि लोहाराला कच्च्या मालाची नवी खाण सापडली. कशेडी घाट चढता-उतरताना मालमोटारींचे स्प्रिंगचे पाटे तुटत. हे पाटे सिलिकॉन-मँगनीजच्या पोलादाचे असतात आणि त्यांत कार्बन अर्धा टक्का ते त्याहून थोडा जास्त. म्हणजे नेमक्या त्या अरुंद पट्ट्यातले. आता पोलादाची वेगळी पट्टी जोडायची गरज उरली नाही. अख्खा कोयता पोलादाचा. भंगाराच्या दुकानात किलोवर मिळणारा हा पाटा धावडाच्या कांबीहून, विलायती सळईहून आणि कदाचित त्या काळच्या कित्येक तलवारींहूनही सरस आणि एकजिनसी आहे.

घिसाड्याच्या पालाशी थांबलं तर कोयता घडताना दिसतो. जमिनीतल्या खळग्यात कोळसा, बाजूला हाताने फिरवायचा पंखा, पुढे मातीत रोवलेली ऐरण. पाटा केशरी होईपर्यंत तापवून छिन्नीने लांबट तुकडा पाडतात. पुरुष सांडशीत तुकडा धरून बसतो आणि लहान हातोड्याने ऐरणीवर खूण करतो. समोर उभी बाई त्या खुणेवर घण घालते. त्या दोन आवाजांचा ताल चुकत नाही. आधी मुठीत जाणारी शेपटी निमुळती काढतात, मग पातं पातळ करतात. एका कडेला घाव बसत गेले की ती कडा लांबते आणि पातं आपोआप उलट बाजूला वाकू लागतं, म्हणून वाक देणं आणि धार काढणं एकत्रच सांभाळावं लागतं. रंग काळपट लाल झाला की ठोकणं थांबवायचं, नाहीतर चीर पडते. रंग पिवळ्यापलीकडे पांढरा होऊन ठिणग्या फुटल्या तर पोलाद जळलं, ते टाकून द्यायचं.

मग पाणी द्यायचं. पातं पुन्हा लाल करतात आणि सगळं न बुडवता फक्त धारेकडची कड पाण्यात धरतात. एकदम सगळं बुडवलं तर स्प्रिंगचं पोलाद तडकतं. कड बाहेर काढून दगडावर झटकन घासली की चकाकी दिसते आणि पाठीत उरलेली धग हळूहळू धारेकडे सरकू लागते. चकाकीवर आधी फिकट पिवळा रंग येतो, मग तपकिरी, मग जांभळा, मग निळा. पिवळा गडद होऊन तपकिरीकडे झुकला की पुन्हा पाण्यात. निळा येईपर्यंत थांबलं तर धार मऊ पडते, आधीच बुडवलं तर गाठीवर पडताच दात पडतात. लंडनच्या स्टोडार्टने तापमापकावर जे २३२ अंश धरले, साधारण तेच घिसाडी या पिवळ्या रंगावर धरतो.

सळई मात्र आता रायगड जिल्ह्यातच बनते, आणि प्रचंड प्रमाणात पोलाद बनतं. पेण तालुक्यातल्या डोलवीचा कारखाना १९९०च्या दशकात इस्पातने उभा केला, २०१० मध्ये तो जिंदालांच्या जेएसडब्ल्यूकडे गेला आणि आज त्याची क्षमता वर्षाला एक कोटी टन आहे. त्याचं खनिज धरमतरच्या खाडीतून बार्जने येतं. सह्याद्रीच्या जांभ्याचा त्यात कणभरही वाटा नाही. बांधकामाच्या सळयांसाठी महाराष्ट्रात जालन्याचं नाव मोठं. तिथे भंगार विजेच्या भट्टीत वितळवून त्याचे चौकोनी लांब ठोकळे ओततात आणि ते हजार अंशांच्या वर तापवून रुळांमधून काढतात. शेवटच्या खाचेत सळईवर कंगोरे उमटतात. मग ती धावतच पाण्याच्या नळकांड्यातून जाते. वरची साल झटक्यात कडक होते, गाभा लालच राहतो आणि गाभ्याची धग बाहेर येत ती साल थोडी सैल करते. टीएमटी म्हणतात ती हीच. कोयत्याच्या पाठीतली धग धारेकडे सरकवण्याचं जे काम घिसाडी डोळ्याने करतो, तेच इथे पाण्याचा दाब आणि सळईचा वेग मोजून होतं.

तरीही या सळईचा कोयता होत नाही. घर बांधून उरलेला तुकडा घेऊन लोक लोहाराकडे जातात आणि सुरी करून मागतात. लोहार नकार देतो, त्याला कारण आहे. भारतीय मानकानुसार नेहमीच्या टीएमटी सळईत कार्बन ०.३० टक्क्यांच्या आतच ठेवतात, कारण तिला वाकायचं असतं, वेल्ड व्हायचं असतं, भूकंपात ताणायचं असतं. तुटण्याआधी ताणली जाणं हा घराच्या सळईचा गुण, आणि धारेच्या दृष्टीने तोच दोष. शिवाय भट्टीत घातल्याबरोबर तिच्या सालीला कारखान्यात दिलेलं पाणी उतरतं. खात्री करायची तर ती सहाणेच्या चाकावर धरावी. सळईच्या ठिणग्या लांब, सरळ आणि साध्या उडतात. पाट्याच्या ठिणग्या टोकाला फुटतात, त्यांना फाटे येतात. जुन्या कानशीच्या तर फुलबाजीसारख्या, कारण कानशीत कार्बन एक टक्क्याच्या वर असतो आणि हौशी सुरी घडवणारे म्हणूनच जुन्या कानशी जपून ठेवतात.

मोटारी बदलल्या तसे पाटेही कमी होऊ लागले आहेत. हलक्या गाड्यांत गुंडाळीची स्प्रिंग आली. ती म्हणजे जाड गोल सळईच, फक्त पोलाद चांगलं. ती आधी तापवून सरळ करावी लागते, मग चपटी, मग पातळ. काम दीडपट, कोळसाही तेवढाच जास्त. दुकानांत कारखान्यात पत्र्यातून कापलेले रंगीत मुठीचे कोयते स्वस्तात मिळतात आणि पावसाआधीच्या गर्दीत तेही खपतात. पाट्याचा घडीव कोयता त्याहून महाग पडतो. तो वर्षानुवर्षं चालतो आणि धार गेली की लोहाराकडे परत येतो. खोऱ्यातले जुने शेतकरी अजून विकत घेताना पात्यावर नखाने टिचकी मारून आवाज ऐकतात. बांधकामातून उरलेली सळईही वाया जात नाही. ती तापवून, वाकवून, टोक मुडपून तिची आकडी होते, आणि तिच्यात अडकतो तो पाट्याचा कोयता.